साहेबांसाठी केलेली वाट

साहेबांना ऊन लागू नये म्हणून मी त्यांना मोटरसायकलवरून थेट आमच्या दारात आणून सोडलं, ही माझी चूक. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं यात काही नाही. ज्या वस्तीला गाडीची वाट नाही तिथल्याच मुलांना पुढच्या शिक्षणाचा तो भत्ता मिळायचा, आणि वाट नाही ना, हे बघायलाच साहेब आले होते. हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. फॉर्म मीच वाचून दाखवला होता, आईला आणि सुमनला, चुलीपुढं मांडी घालून, बातम्या वाचणाऱ्याच्या आवाजात. वाचलेलं डोक्यात शिरतंच असं नाही, हे बारावीला दोनदा नापास झालेल्या माणसाला खरं तर कुणी सांगायला नको होतं.

आमची वस्ती वडूजच्या पलीकडं, एका टेकाच्या पाठीवर. घरं पाच, आणि पाचही भावकीची. दिवाळी उरकली की घोड्यांवर बिऱ्हाड चढायचं, कोंबड्या पाटीत, बारकी कोकरं जाळीत, आणि माणसं मेंढरं घेऊन निघायची. फलटणच्या उसाच्या पट्ट्यात कुणाच्या रानात चार दिवस, कुणाच्या रानात आठ, अशी खतासाठी मेंढरं बसवत बसवत पाऊस लागायच्या बेताला परत. मागं पाच दारांना पाच कुलपं. त्या वर्षी मात्र कुलपं चारच होती. आमचं दार उघडं होतं, कारण आई मागं राहिली होती. लग्न होऊन आल्यापासून ती पहिल्यांदाच मेंढरांमागं गेली नव्हती. त्याचं कारण माझी धाकटी बहीण सुमन, आणि सुमनच्या आधीचं कारण बाळू.

बाळू माझा चुलतभाऊ. दहावीला त्याला माझ्यापेक्षा बरे मार्क होते, तसे ते सगळ्यांनाच असायचे. आडबाजूच्या वस्त्यांवरच्या मुलांना पुढं शिकायला तालुक्याला राहता यावं म्हणून सरकार भत्ता द्यायचं, त्याला त्यानं अर्ज केला होता. नियम दोनच, पण पक्के. कुटुंब त्या वस्तीवर खरोखर राहणारं हवं, आणि वस्तीपर्यंत गाडी जाईल अशी वाट नसावी. पाहणीला माणूस आला तो भर उन्हात, टेक चढून, धापा टाकत. बघतो तर पाच घरं, पाच कुलपं, तांब्याभर पाणी द्यायला कुणी नाही. त्यानं लिहिलं, ‘घर बंद. कुटुंब वास्तव्यास नाही.’ कुटुंब तेव्हा फलटणजवळ एका बागायतदाराच्या रानात होतं, पण तिथंही ते आठ दिवसांचं पाहुणं. म्हणजे कागद बघितला तर माझा चुलता, चुलती, बाळू आणि त्यांची सगळी मेंढरं जगात कुठंच राहत नव्हती. बाळूनं दप्तर खुंटीला लावलं आणि हातात काठी घेतली. चांगला मेंढका झाला तो. पण अजूनही घरी आला की माझ्या पोरांची भूगोलाची पुस्तकं काढून नकाशे बघत बसतो, आणि मग मला उठून बाहेर जावं लागतं.

सुमन दहावीला बसली त्या साली आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, निघायच्या सकाळी घोड्याचा तंग आवळता आवळता एवढंच सांगितलं, की भत्ता मिळाला तर पोरगी वडूजला राहून शिकेल, नाहीतर पुढच्या दिवाळीला तिची भाकरी ह्याच घोड्यावर. आबा कठोर नव्हते. तिला तालुक्याला ठेवायचं बळ नव्हतं आणि नाही ते बोलायची त्यांना सवय नव्हती. सुमन कोंबड्यांच्या पाटीवर फडकं बांधत राहिली. ती अशी मुकाट कामाला लागली की तिच्याकडं न बघणं बरं असायचं.

तर त्या हिवाळ्यापासून टेकावर दोन बायका आणि चार कुलपं. मी वडूजला एका गॅरेजात कामाला होतो, शनिवारी संध्याकाळी वर जायचो. गाडी खाली डांबरी सडकेला चहाच्या टपरीशेजारी लिंबाखाली लावायची आणि तासभर चढायचं. वर पोचलो की आधी पलीकडच्या डोंगरावरच्या पवनचक्क्यांचा घुमारा ऐकू यायचा, मग आमच्या एकुलत्या शेळीचा आवाज, मग आईचा. आई त्या वर्षी एकटीच बोलायला लागली होती. सकाळी उठून ती पाचही घरांपुढची अंगणं झाडायची, कुलूप घातलेल्या दारांपुढं सडा टाकायची. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणायची, साहेब कवाबी येईल, वस्ती जिती दिसाय पायजे. जेवायला हुलग्याचं माडगं, बाजरीची भाकरी, कांदा, आणि माझ्या मानासाठी शेंगदाण्याची चटणी. सुमन चुलीच्या उजेडात पुस्तक धरून बसायची. मी तिला क्लच आणि गिअर समजावून सांगायचो. तिला ते नको असायचं.

परीक्षा झाली, चैत्र सरला, ऊन असं पडायला लागलं की दुपारी दगडाला हात लावता येईना. आणि गॅरेजात फोन आला. शाळेतल्या गुरुजींनी कळवलं की गुरुवारी तालुक्याच्या ऑफिसातून साहेब पाहणीला येणार. आता माझं डोकं कसं चाललं ते सांगतो, कारण ते चाललं होतं हे नक्की. मी विचार केला, बाळूचं कशामुळं बिघडलं? कुलपामुळं, हे खरं. पण नुसत्या कुलपामुळं माणूस इतका तुसडेपणानं लिहीत नाही. तो तापला होता. तासभर उन्हात चढला होता आणि वर पाणीही मिळालं नव्हतं. तोच माणूस गार डोक्यानं वर आला असता तर त्यानं खाली टपरीवर विचारलं असतं, दोन दिवसांनी परत आला असता. म्हणजे साहेब गार डोक्यानं वर आले पाहिजेत. एवढं ठरल्यावर पुढचं सगळं आपोआप सुचत गेलं, आणि मला आपोआप सुचतं तेव्हा घरच्यांनी मला बांधून घातलं पाहिजे.

ओढ्याच्या कडेनं शेरडांची एक वाट वर यायची. तिच्यात ठिकठिकाणी गुडघ्याएवढे धोंडे. मी मालकाकडून दोन दिवसांची सुट्टी घेतली, पहार आणि टिकाव घेतला, आणि गॅरेजातला माझा जोडीदार गोंद्या याला वडापावाच्या बोलीवर बरोबर घेतला. मंगळवार, बुधवार दोघांनी धोंडे उलथले, खड्ड्यांत मुरूम भरला, बाभळीच्या फांद्या तोडल्या. तीन विंचू निघाले, गोंद्याच्या हाताला फोड आले आणि माझ्या मनात आलं की हे काम सरकारला वीस वर्षांत जमलं नाही. बुधवारी सांज व्हायच्या आत मी पहिल्यांदा गाडी दारात उभी केली. आई बाहेर आली, गाडीभोवती एक फेरी मारली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सुमन मंगळवारी पहाटेच गुरुजींकडं प्रवेशाची चौकशी करायला गावात गेली होती, तिथंच मुक्काम करून ती गुरुवारी सकाळी यायची होती. ती घरी असती तर हे प्रकरण मला लिहावंच लागलं नसतं.

गुरुवारी साहेब सडकेला जीपमधून उतरले. पन्नाशीचे, किडकिडीत, टोपीखाली रुमाल, काखेत फायलीची पिशवी. किती चालायचं, म्हणून त्यांनी वर बघितलं. मी म्हणालो, चालायचं कशाला सायेब, बसा मागं. ते बसले. मी गाडी अशी चढवली की त्यांच्या पिशवीचा बंदसुद्धा हलला नाही. मध्ये ते म्हणाले, वाट बरी आहे की. आणि मी, हँडल धरलेला, वारा कानांत भरलेला, म्हणालो, धा मिण्टात दारात, सायेब. त्यांनी मनगट वळवून घड्याळ बघितलं ते मला आरशात दिसलं. मला वाटलं, ते खूश झाले.

आईनं शेळीच्या दुधाचा चहा केला. सुमन नुकतीच येऊन पोचली होती. दारातली गाडी आणि गाडीपाशी साहेब बघून ती उंबऱ्यात थांबली, माझ्याकडं एकदा बघितलं, आणि आत गेली. साहेबांनी काम चालू केलं. माणूस तयारीचा होता. चार कुलपं मोजली. मालक कुठं आहेत, विचारलं. मी म्हणालो, आम्ही समदी कायम हितंच असतो, सायेब, आबा जरा बाहेर गेल्यात. आई मागून म्हणाली, जरा न्हाई, दिवाळीला गेल्यात, मेंढरं घेऊन फलटणला हायती. साहेबांनी माझ्याकडं बघितलं आणि पुढचे सगळे प्रश्न आईला विचारले. तुम्ही आठ महिने बाहेर असता, मग रहिवासी कुठले म्हणायचे? आई म्हणाली, ‘सायेब, लगीन हून आले ते ह्या घरात. पोरं हितंच झाली. मेंढरं चाऱ्याला जात्यात, माघारी हितंच येत्यात. दुसरीकडं कुटं येणार?’ साहेब उठून घरामागं गेले. तिथं राखेचा ढीग होता. त्यांनी काटकीनं तो बाजूनं उकरला, वरची राख, खालची राख, मधल्या थंडीतली लाकडाची काळी राख, असं बराच वेळ बघितलं. मग येऊन लिहिलं, ‘चूल सहा महिन्यांहून अधिक काळ रोज पेटत असल्याचे दिसते. वास्तव्य खरे.’ आईनं पदर तोंडाला लावला. ज्या गोष्टीसाठी ती सहा महिने कुलपांशी बोलत होती, ती मिळाली होती.

मग त्यांनी पान उलटलं आणि वाचलं, ‘वस्तीपर्यंत वाहन जाते काय?’

त्यांनी दारातल्या गाडीकडं बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं. ती उन्हात चकचकत उभी होती, सकाळी मी तिला पुसलीसुद्धा होती. साहेबांनी लिहिलं, ‘होय.’ पुढं लिहिलं, ‘दहा मिनिटे.’ त्यांचं अक्षर फार सुंदर होतं.

मी बोलायला लागलो. ही वाट कालच केली सायेब, परवा नव्हती, मी केली, पहारीनं. साहेब शांतपणे म्हणाले की पाहणीला गेल्यावर सगळीकडं हेच ऐकायला मिळतं. जिथं घर असतं तिथं वाट कालची असते आणि जिथं वाट नसते तिथं घर कालचं असतं. मी जे डोळ्यांनी बघितलं ते लिहिणार, म्हणाले, आणि मी गाडीवरून आलो. सुमननं रिकाम्या कपबशा गोळा केल्या. आईनं दुधावर झाकण ठेवलं. त्या घरात मी पुष्कळ शिव्या खाल्ल्या आहेत, पण तशी शांतता परत खाल्ली नाही.

शहाण्या माणसानं इथं थांबायला हवं होतं. मी गाडीचा प्लग बघतो म्हणून बाहेर पडलो, ओढ्याकडं पळत गेलो आणि धोंडे परत वाटेत लोटायला लागलो. माझं म्हणणं सरळ होतं: वाट होती म्हणून ‘होय’ लिहिलं, वाट नसली तर ‘नाही’ लिहायला लागेल. आठ-दहा धोंडे लोटून झाले, अंगठ्याचं नख निघालं, आणि वरून आवाज आला, काय चाललंय. साहेब उभे होते, फायलीची पिशवी छातीशी धरून. मागं सुमन.

‘व्हती तशी करतोय, सायेब.’

‘पाहणी चालू असताना?’ त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळं जास्त भीती वाटली. ‘हे मी लिहिलं ना, तर अर्ज कायमचा बाद होतो. पुढच्या वर्षीसुद्धा करता येत नाही. ह्या मुलीला नाही आणि ह्या घरातल्या दुसऱ्या कुणाला नाही. समजतंय का तुम्हाला काही?’

त्यांनी पेन काढलं. माझ्या हातात अजून एक धोंडा होता आणि तो कुठं ठेवावा हे मला कळेना. वाटेत ठेवला तर गुन्हा, बाजूला ठेवला तर रस्ता. तो मी पोटाशी धरून तसाच उभा राहिलो. सुमन परवा हे लिहिलेलं वाचून म्हणाली की धोंड्याचं मी मागाहून घातलं. पण धोंडा होता. त्याचं वजन मला अजून आठवतं.

तेव्हा सुमन बोलली. रडली नाही, हात जोडले नाहीत. म्हणाली, ‘सायेब, त्याचं काय लिवायचं ते लिवा. पर राख उकरून बगितली तशी दगडंबी उकरून बगा की.’

साहेब थांबले. ओढ्याच्या कडेला आम्ही लोटलेले धोंडे ओळीनं पडले होते. ते एकापाशी उकिडवे बसले. त्याची जी बाजू आभाळाकडं होती ती काळपट, मातीनं माखलेली, ऊन न बघितलेली. तिला पांढऱ्या मुळ्या चिकटल्या होत्या, त्या अजून पुऱ्या वाळल्या नव्हत्या. मग ते वाटेवर आले, भरलेल्या खड्ड्यातला मुरूम बोटानं उकरला, खाली धोंड्याच्या आकाराची घळ तशीच होती. असे चार धोंडे आणि चार खड्डे त्यांनी बघितले. म्हणाले, माझे वडील शेताच्या बांधाला दगडी ताली घालायचे, त्यांच्या हाताखाली दगड उचललेत मी. मग मला विचारलं, कुणी केलं हे? मी, म्हणालो. का केलं?

‘तुमाला ऊन लागू नये म्हणून.’

त्यांनी माझ्याकडं इतका वेळ बघितलं की मी धोंडा खाली ठेवला. मग ते सुमनकडं वळले. शाळेला कुठनं जातेस? तिनं टेकाच्या दुसऱ्या अंगाला खिंडीकडं बोट केलं. चल, म्हणाले. घड्याळ बघून त्यांनी वेळ लिहिली, दुपारचे साडेबारा.

सुमन पुढं, साहेब मधे, मी पाण्याचा कॅन घेऊन मागं. खिंडीतून फिरून खाली टपरीशीच उतरणारी ती वाट म्हणजे घसरती खडी आणि मध्ये मध्ये कातळ, एका बाजूला उतार. सुमन जिथं रोज थांबत असे तिथं थांबायची, जिथं हात टेकायची तिथं टेकायची. साहेब तिचं बघून तसंच करत होते. मी एकदा बोलायला लागलो, की सायेब, हितं एकदा एक म्हस, तर ते मागं न बघता म्हणाले, तुम्ही गप्प बसा. दोनदा ते घसरले, एकदा चप्पल खाली गेली ती मी आणून दिली. पावसाळ्यात कसं, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, वढ्याला पाणी आसलं की वरनं वळसा घालून, मग लय उशीर हुतो, पयला तास बुडतो. दहावीला किती पडतील? तिनं सांगितलं. कातळाच्या सावलीत बसून त्यांनी टोपी काढली तेव्हा रुमाल पिळण्याइतका भिजला होता, आणि ज्या उन्हापासून मी त्यांना दोन दिवस राबून वाचवलं होतं ते सगळं त्यांच्या डोक्यावर पडलं होतं. आता तिथं ओढ्याच्या कडेनंच सडक झाली आहे. तिच्यावरून जाताना मी गाडी हळू घेतो.

सडकेला पोचायला आम्हाला एक तास वीस मिनिटं लागली. टपरीवाल्यानं साहेबांना बाकडं पुसून दिलं. ते आधी दोन तांबे पाणी प्यायले, मग त्यांनी फाईल मांडीवर घेतली. ‘होय’ खोडता येत नव्हतं, खाडाखोड झाली की कागद रद्द. म्हणून त्यांनी खाली, शेरा लिहायच्या जागेत, बारीक सुंदर अक्षरात लिहायला सुरुवात केली. सुमन त्यांच्या खांद्यावरून वाचत होती आणि तिचे ओठ हलत होते. ‘सदर वाट अर्जदाराच्या भावाने पाहणी अधिकाऱ्यास त्रास होऊ नये म्हणून पाहणीच्या आदल्या दोन दिवसांत स्वतः केलेली असून, मी दगड व खड्डे तपासले आहेत. विद्यार्थिनीच्या नित्याच्या वाटेने मी स्वतः चालून आलो. वाहन जाण्याजोगा रस्ता नाही. भत्ता मंजूर करण्यास शिफारस आहे.’ सुमन शेवटच्या ओळीपर्यंत आली, तिथून परत पहिल्या ओळीला गेली, आणि मग टपरीमागं तोंड धुवायला निघून गेली. बराच वेळ धूत होती.

साहेब म्हणाले, असा शेरा नुसता चालत नाही, वरून विचारणा होईल. पंचनामा जोडावा लागेल, दोन पंचांच्या सह्या लागतील. टपरीवाल्यानं लगेच पुढं येऊन सही केली, वाट नसल्याचं त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार, आमच्या गाड्या त्याच्याच लिंबाखाली असायच्या. दुसरा पंच कोण? एवढ्या वेळात मला पहिल्यांदाच काहीतरी उपयोगाचं करायची संधी दिसली. बाकड्यावरचं पेन मी उचललं आणि कागद पुढं ओढला.

साहेबांनी माझ्या बोटांतून पेन हळूच काढून घेतलं. सडकेपलीकडं दूधवाला सायकलला किटल्या अडकवत होता, त्याच्याकडं हात केला.

‘त्यांना बोलवा. सही येत नसली तर अंगठा चालेल, पण माणूस शहाणा लागतो.’